गोधडीचा पीळ

“शेवंताताई, भिजलेली गोधडी पिळताय असं मनात आणा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “हं, पिळा!”

मानेखाली लुळी पडलेल्या, वाचाही गेलेल्या शेवंतानं मनातल्या मनात पीळ दिला. तिच्या डोक्यात बसवलेल्या तारांनी तो बरोबर ओळखला आणि खाटेशेजारच्या यांत्रिक हातानं टेबलावरचा ओला टॉवेल उचलून करकचून पिळला. प्रयोगशाळेत टाळ्या पडल्या.

सगळ्यांत जोरात टाळ्या तिचा नवरा आनंदा याच्या. जिन्यावरून घसरून पडलेल्या बायकोचं हा माणूस हगणंमुतणं काढतो, असा नवरा सात जन्मांत मिळायचा नाही, असं जो तो म्हणायचा. तिची लाळ पुसायला तो वाकला आणि रुमालाआडून त्यानं तिच्या गालाला नखं रुतवून चिमटा काढला. रोज काढायचा तसाच.

शेवंतानं पुन्हा गोधडी मनात आणली.

यांत्रिक हातानं आनंदाचं मनगट धरलं आणि पीळ दिला. हाड कडकन वाजलं. यंत्र बंद करायच्या लाल बटणाकडे डॉक्टरीणबाई धावल्या.

“सोड, रांडे!” आनंदा ढोरासारखा ओरडला. “जिन्यावरून ढकललं तेव्हाच पुरती मारायला पाहिजे होती तुला!”

डॉक्टरीणबाईंचं बोट बटणावर टेकलं होतं. त्यांनी ते उचललं आणि त्या शेवंताच्या कानाशी वाकल्या.

“ताई,” त्या शांतपणे म्हणाल्या, “गोधडीत अजून पाणी आहे.”