ताकदीचं व्हिटॅमिन

“शर्ट काढा,” डॉक्टर म्हणाले आणि माझे हात बटणांवरच थबकले. मी जिमचा कोच, रोज पोरांना आरशासमोर उघडं उभं करणारा. माझी छाती मात्र बाईसारखी वाढली होती, आणि हृदयाची भिंत जाड झाल्याचं रिपोर्टात होतं. “स्टेरॉइड किती वर्षं?” “सहा. सोडलं की अंथरुणातून उठवत नाही, म्हणून पुन्हा टोचून घेतो.” “सुटेल. उपचार आहेत, वेळ लागेल. आणखी कुणाला दिलंत?” मी दाराकडे पाहिलं. बाहेर धाकटा भाऊ माझी फाइल सांभाळत बसला होता. स्पर्धेसाठी त्यालाही मीच टोचायचो, ताकदीचं व्हिटॅमिन म्हणून. त्यानं कधी विचारलं नाही. दादा देतोय ना! मी दार उघडलं. तो धडपडत उठला. “दादा, बरा होशील ना?” जिममध्ये रोज ओरडायचो तेच शब्द आज कसेबसे फुटले. “आत ये. शर्ट काढ.”