निळ्या बुरुजातली नणंद

“आणि मंडळी, भावजयीने नणंदेला निळ्या बुरुजात कोंडलं!” अश्लेषाताईंनी झांज खणकन वाजवली. गिरीजच्या देवळातल्या दीडशे माना एकदम वळल्या. देवाकडे नाही, मनोरमाकाकूंकडे.

काकू पहिल्या ओळीत होत्या. एरवी त्या मागच्या खांबाला टेकतात, गुडघे लांब करून. त्यांची नणंद भागूबाई दाराशी, चपलांजवळ. कीर्तन म्हटलं की ती चांदीपहून येते, पण पन्नास पावलांवरच्या माहेरच्या वाडीत पाऊल टाकत नाही. एकवीस वर्षं झाली. वडिलांच्या वर्षश्राद्धाला सगळ्यांना चहा मिळाला, तिला मिळाला नाही. वहिनी म्हणाली, “संपला.” त्यावर भागूबाईने फाटकातच शपथ घेतली, “ही जिती आहे तोवर या घरचं पानी पिनार नाय!” भाऊ समजावून समजावून थकला.

विरारहून आलेल्या ताईंना यातलं काय ठाऊक? पूर्वरंग तर गोड झाला होता. उत्तररंगात ध्रुवबाळ येईल म्हणून बायकांनी पदर डोळ्यांशी तयार ठेवले, तर आला डेन्मार्कचा राजा! साडेतीनशे वर्षांपूर्वीचा. गाभाऱ्यातल्या देवालाही पाहुणा नवीनच. त्याची राणी सोफी आणि सावत्र बहीण लिओनोरा. राणी येण्याआधी दरबारात नणंदेचा तोरा. पुढे नणंदेचा नवरा राजद्रोही निघाला आणि बुरुजात गेली ती. खटला नाही, सुनावणी नाही, सोबतीला उंदीर. ताई हातातला कागद बघून नावं वाचत होत्या आणि मध्येच काकूंकडे पाहत होत्या.

“कोणीतरी पढवलंय हिला,” पलीकडे बसलेली रचना शेजारणीला कुजबुजली. “काकूंचं तोंड बघ. लाज नाही, टाळ्या वाजवताहेत!”

“राजा वारला,” ताईंचा आवाज चढला. “मुलगा गादीवर बसला. म्हणाला, आत्याला सोडू या. आई म्हणाली, मी असेपर्यंत नाही! जवळजवळ बावीस वर्षं, मंडळी! शेवटी राणी मेली, तेव्हा कुठे नणंदेला ऊन दिसलं.”

कीर्तनात मध्येच उठू नये. बोलू तर नयेच. भागूबाईने दोन्ही केलं.

“ऐकलंस ना गं, वहिनी? रानी मेली तेव्हा सुटली नणंद!”

तबलजीचा हात हवेतच राहिला. पेटीचा सूर तेवढा बिचारा एकटाच लांबत गेला. ताईंनी कागदाची घडी घातली आणि खाली वाकून काकूंच्या हातात दिली, ज्याची वस्तू त्याला द्यावी तशी.

मनोरमाकाकू गुडघ्यांवर हात टेकत उठल्या. आज टेकायला खांब नव्हता.

“मीच लिहून दिली ताईंना ही कथा. कोपनहेगनला आमच्या वेदांतकडे गेले होते ना, तिथे राजवाड्याच्या तळघरात त्या बुरुजाचे दगड दाखवतात. पोरगा फोटो काढत होता आणि मला आपलं फाटक दिसत होतं. मी मेल्यावर तू येशील, भागू, माहीत आहे मला. पण तुझा राहिलेला चहा मग कोण देणार?”