पाच वाट्या

"माणूस कसा बनतो, हे आता देवालासुद्धा लपवता येणार नाही!" हिलालनं मंगळवारी सकाळी जाहीर केलं आणि छायाला हाक मारली. मुगाच्या डब्याचं झाकण त्याच्याच्यानं निघत नव्हतं.

शहाण्णव साल. सुरतेच्या उधन्यात लूमवर मास्तर असलेला हिलाल एका दिवसात निम्मा डॉक्टर झाला होता. बायकोला, छायाला, टेस्ट ट्यूब बेबीसाठी बारा दिवस इंजेक्शनं झाली होती. सोनोग्राफीत पाण्याच्या पिशव्या दिसल्या होत्या. "पिशवी दिसते, अंडं दिसत नाही," डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. "पाणी काढून त्यात शोधावं लागतं." लग्नाला अकरा वर्षं झाली होती. हे एकदाच, पुन्हा नाही, असं छायानं आधीच बजावलं होतं.

सोमवारी पाणी काढलं. छाया डोळे मिटून पडून होती. डॉक्टरीणबाई दाराशी हिलालशी बराच वेळ बोलल्या. मग तो आत आला, डोळे पुसले आणि म्हणाला, "सात मिळाली!"

आज तो एसटीडी बूथवर जाऊन आला होता. "सातातली पाच फळली. आता एकाचे दोन, दोनाचे चार, असे कण वाढत जाणार. बघच तू."

छायानं ओट्यावर पाच वाट्या मांडल्या. एकेकीत एक मूग.

बुधवारी चार-चार झाले. गुरुवारी आठ-आठ.

शेजारच्या इंदुबाई डोकावल्या. "हाई काय शे वं, छाया?"

"पोरं शेतस."

"मंग झाकी ठेव माय, माशा बसतीन."

खरं तर गुरुवारीच ती पोटात ठेवायची होती. पण हिलाल म्हणाला, "बाई म्हणतात, काचेत अजून वाढू दे. घाई नको."

"बरं," छाया म्हणाली.

घरात वाट्या सहाच. उरलेली हिलालला. छाया पेल्यात वरण घेऊन जेवायची. हिलालची वाटी मात्र तशीच भरलेली राहायची. लूमवर धागा तुटला की त्याचं बोट आपोआप पुढं जाई. गाठ मारली की कापड चालू. इथं बोट कुठं घालणार? बूथवर जायचं, परत यायचं, आकडा सांगायचा.

शुक्रवारी सोळा.

शनिवारी तो लगेच परतला. "फोन पटकन लागला. बत्तीस!"

छाया मोजू लागली. पाचव्या वाटीच्या वेळी एक मूग निसटला. हिलाल गुडघ्यांवर बसून ओट्याखाली हात फिरवू लागला.

"सापडत नाही गं."

"राहू द्या."

"असं कसं? असणारच इथं कुठंतरी."

"अहो, उठा." छायानं त्याचा दंड धरला. "सोमवारी मी जागी होते. बाई तुम्हाला सांगत होत्या, सगळं पाणी शोधलं, एकसुद्धा अंडं नाही."

हिलालनं ओट्याखालचा हात बाहेर काढला.

"वरणाला वाट्या लागतात हो," ती म्हणाली. "तेवढ्या मोकळ्या करून द्या. माझ्या हातून होत नाही."