इंजिनातला दोष

"कॅप्टन, एवढं वाचून बघा ना. तुमची भाषा चांगली आहे. माझं लिहिणं म्हणजे सगळा आनंद."

मेकॅनिकबाईंनी कागद पुढे केला आणि हात पुसायला चिंधी शोधू लागल्या. हँगरमध्ये त्यांच्या मागे हेलिकॉप्टर एका अंगाला कलून उभं होतं. त्याचा एक पाय वाकला होता. इंजिन काढून लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं होतं. सुटे भाग जमिनीवर पांढऱ्या कापडावर मांडले होते, प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी बांधलेली.

कॅप्टनने कागद वाचला. मंगळवारी उतरताना इंजिनाची ताकद गेली, असं कॅप्टननी कळवलं आहे. चार दिवस तपासूनही मला दोष सापडला नाही. उड्डाणाआधीची तपासणी मीच केली होती, म्हणजे तो माझ्याच नजरेतून सुटला असणार. आत बसलेल्या नर्सबाईंचा खांदा मोडला, त्याला मी जवाबदार आहे. माझा परवाना काढून घेतला तरी माझी तक्रार नाही.

"'जवाबदार' नाही," कॅप्टन म्हणाला. "'जबाबदार'. 'ब' हवा."

"बघा, म्हणून तर दाखवलं." त्यांनी कागद इंजिनाच्या झाकणावर ठेवून अक्षर सुधारलं. "मॅनेजरसाहेब बाराला निघतात. त्याआधी वर नेऊन देते."

कॅप्टनला स्वतःचीच किळस आली. एवढं सगळं वाचून आपल्या तोंडून निघालं काय, तर 'ब'.

त्याला तळावर सगळे 'डबल' म्हणत. विमान आणि हेलिकॉप्टर दोन्ही चालवणारा तिथे तो एकटाच होता. सकाळी विमान, दुपारी हेलिकॉप्टर, मध्ये फक्त चहा, असं तो आल्यागेल्याला हसून सांगायचा.

"बावीस वर्षांत असं झालं नव्हतं," बाई म्हणाल्या. "डोळे गेले बहुतेक. लेक म्हणतेच आहे, आई, आता पुरे कर."

"ताई, डोळ्यांना काही झालेलं नाही. इंजिनालाही झालं नव्हतं."

"समजूत काढू नका माझी. धोक्याचा भोंगा वाजला, असं नर्सबाईसुद्धा म्हणाल्या. उगाच वाजतो का तो?"

"माझ्यामुळे वाजला. वजन जास्त होतं, ऊन कडक होतं. उतरताना डावा दांडा मी वर ओढत गेलो आणि पंख्याची गती पडली."

"मग दांडा खाली करायचा." पाढा म्हणावा तसं त्या म्हणाल्या.

"माहीत आहे."

"मग?"

"मी समोरची दांडी पुढे ढकलली."

बाईंनी चिंधी खाली ठेवली. "पुढे? ते विमानात करतात."

"हो. विमानात तसा भोंगा वाजला की नाक खाली करायचं. त्या दिवशी सकाळी दोन तास विमानच उडवलं होतं. आवाज कानात शिरला आणि हात पुढे गेला. आपण कशात बसलोय ते लक्षात आलं, तोवर जमीन आली होती."

"होतं असं," बाई हळूच म्हणाल्या. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. "पण तुम्ही तर इंजिन लिहून दिलंत."

"उतरल्या उतरल्या साहेबांनी विचारलं, काय झालं. तोंडातून इंजिन निघून गेलं. मग ते मागे घेता येईना." त्याची मान खाली होती. "वाटलं, तुम्ही एक दिवस बघाल. काही सापडणार नाही. द्याल सोडून."

"मी?"

त्या एका शब्दाने त्याचे कान तापले. बावीस वर्षं ज्या बाईंनी तपासून दिल्याशिवाय तो कधी वर गेला नव्हता, त्या सोडून देतील असं तो धरून चालला होता.

बाई कापडावरच्या भागांकडे बघत राहिल्या.

"मग चार दिवस मी काय शोधत होते, कॅप्टन?"

 त्याने खिशातून फोन काढला आणि त्यांच्यासमोरच मॅनेजरला लावला.

"साहेब, मंगळवारचा माझा अहवाल खोटा आहे. इंजिन ठणठणीत होतं. चूक माझ्या हातून झाली... हो, ताईंसमोरच बोलतोय. त्यांच्याकडे बोट दाखवायला जागाच नाही."

 हँगर इतका शांत होता, की साहेबांचा आवाज बाईंनाही ऐकू गेला.

"वर ये. येताना परवाना घेऊन ये."

"कुठला, साहेब?"

"दोन्ही."

त्याने फोन ठेवला. बाई तोवर कापडापाशी गुडघ्यांवर बसल्या होत्या आणि पहिल्या नंबराची चिठ्ठी सोडत होत्या. जे चार दिवस उलगडलं ते आता पुन्हा जोडायचं होतं. एक नट घरंगळत कापडाबाहेर, त्याच्या बुटापर्यंत आला. तो उचलून द्यायला कॅप्टन वाकला.

"राहू द्या," मान वर न करता बाई म्हणाल्या. "तुम्ही कशाला हात लावू नका."