बाणाचा ण

जीप पारापाशी थांबली, तेव्हा सगळं बाभूळखुंटा गाव हंडे-घागरी घेऊन रांगेत उभं होतं. जीपमधून आधी पडदा आणि प्रोजेक्टर उतरला, मग जिल्ह्याच्या समुपदेशक शिवगंगा मॅडम उतरल्या. रांगेत पहिली उभी असलेली मुक्ताबाई पुढं आली. तिनं जीपला एक चक्कर मारली आणि आरोग्यसेवक रेवणसिद्धला विचारलं, “पाईप कुटं हाय?”

“कसला पाईप?”

“आता कसला! तान घालवायची गाडी येनार म्हनून काल देवळाच्या भोंग्यावरून तूच वरडलास न्हवं का?”

आता कुठं रेवणसिद्धच्या लक्षात आलं. तो ताण म्हणाला होता. गावानं तान ऐकली होती. आणि या गावात तहानेला तानच म्हणतात.

रेवणसिद्ध परळीचा. शाळेत त्याला वक्तृत्वाचा चषक मिळाला होता आणि तेव्हापासून आपलं मराठी फार शुद्ध आहे हा आजार जडला होता. गोळ्या वाटतानासुद्धा तो लोकांना सुनावायचा, “पानी नव्हे हो, पाणी. बाणाचा ण.” दुष्काळी गावांच्या मानसिक आरोग्याचा सर्वे निघाला, तेव्हा बाकीच्या सेवकांनी घरी बसून ‘नाही, नाही’च्या रकान्यात खुणा केल्या. हा पठ्ठ्या मात्र चौसष्ट उंबरे झिजवून आला. कंत्राट मार्चअखेर संपत होतं, आणि चोख काम करणाऱ्यालाच पुढचा आदेश मिळणार होता.

“ताण आहे का?” तो दारोदार विचारत गेला.

“लई.”

“कधीपासून?”

“दिवाळीपासनं.”

“जास्त कधी जाणवतो?”

“दुपारच्याला.”

“मग काय करता?”

“वाटीभर पितो आन गप पडतो.”

व्यसनाच्या रकान्यात त्यानं ‘आहे’ लिहिलं. बायकाही तेच सांगू लागल्या, तेव्हा मोठा सुस्कारा सोडून ‘स्त्रियांसह’ असंही लिहिलं. प्रत्येक घरात फॉर्म उघडायच्या आधी त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या आला होता. तो त्यानं प्रत्येक घरात रिकामा केला होता.

शंभर टक्के ताण, शंभर टक्के व्यसन. कचेरीतल्या नकाशावर बाभूळखुंटा लालभडक झालं. साहेबांनी भर बैठकीत रेवणसिद्धची पाठ थोपटली आणि मॅडमची जीप रवाना केली.

आता त्या मॅडम हंड्यांच्या रांगेकडं बघत होत्या. “हे काय आहे?” त्यांनी विचारलं.

इथं पाहुण्याचं स्वागत असंच करतात, असं सांगून टाकावं, हे रेवणसिद्धच्या अगदी जिभेवर आलं. पण त्याला ते चौसष्ट तांबे आठवले. दुष्काळात आपण या गावाचं पाणी पीत हिंडलो आणि वर त्यांनाच दारुडे ठरवलं, याची त्याला मनापासून लाज वाटली.

“मॅडम, सगळे फॉर्म चुकलेत,” तो म्हणाला. “यांना ताण नाही, तहान आहे. मला कळलंच नाही. माझं कंत्राट गेलं तरी चालेल.” चालणार अजिबात नव्हतं, पण तो म्हणून बसला.

“मग टँकर का नाही इथं?”

“कागदावर पानी हाय ना,” मुक्ताबाई म्हणाली. “सहकारी पानीपुरवठा सोसायटी हाय. चेअरमन हाय, टाकी हाय, टाकीवर नाव बी हाय. इहीर तेवढी कोरडी हाय.”

मॅडमनी अहवालाचा कागद काढला आणि ‘तातडीचा उपचार’ या रकान्यात लिहिलं: रोज दोन टँकर. खाली सही केली. लाल गावांचे अहवाल थेट सोमवारी जिल्ह्याच्या बैठकीत जात होते.

गुरुवारी टँकर आला. रेवणसिद्धचा पुढचा आदेशही आला. जिल्ह्यातला सगळ्यात चोख सर्वे चुकला होता, हे कागदावर घ्यायची कोणाचीच तयारी नव्हती.

तो ऐटीत गावात शिरला. मुक्ताबाईनं त्याला काठोकाठ भरलेला तांब्या दिला. पाणी पिऊन त्यानं मिशा पुसल्या आणि जुना आजार उफाळून आला.

“मावशी, या खेपेला तुमचं अशुद्ध बोलणं कामी आलं बघा. पण फरक शिकून ठेवा. तान म्हणजे तहान. आणि ताण म्हणजे...”

“ताण,” मुक्ताबाई म्हणाली. ण असा खणखणीत आला, की चषक खरं तर तिलाच मिळायला हवा होता.

रेवणसिद्धचा तांब्या हातातच राहिला.

“आरं लेकरा, तान लिवून आमी तीनदा अर्ज दिला. तिन्ही बारीला कागद माघारी आला. मंग तुज्या सर्वेची नोटीस लागली, तवा सोसायटीची मीटिंग बसली. ठराव झाला, का ह्यो पोरगा ‘ताण’ म्हनला की समद्यांनी ‘लई’ म्हनायचं. सर्वानुमते मंजूर.”