खालचा कॉक

इंदिरा नगरातल्या एकाच घरात नरहर खाली आणि धाकटा भाऊ राजाराम वर राहायचा. फाटकात गाडी लावण्यावरून दोघांचं बोलणं कधीच बंद झालं होतं.

पाइपचा गॅस आल्यापासून सिलिंडरची कटकट गेली, तरी नरहरची धुसफुस काही जाईना.

"बाहेरच्या देशाने गॅसचं जहाज सोडलं, तर आपली भाजी शिजणार! ज्याच्या हातात कॉक, त्याच्या मुठीत आपली मान!"

"अच्छा, मग परत सिलिंडर आणू का?" बायको, कल्पना, पोळी लाटता लाटता विचारायची.

आज राजारामने पुन्हा गाडी आडवी लावली. वर पाहुण्यांसाठी सकाळपासून स्वयंपाक चालला होता. नरहरने गुपचूप अंगणात जाऊन वरच्या मजल्याच्या गॅसचा कॉक बंद केला.

"आता येतील नाक घासत," असं पुटपुटत तो खुशीत अंघोळीला गेला. अंगभर साबण चोपडला, आणि नळाचं पाणी गेलं.



गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी उभा राहून राजाराम कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच भावाशी बोलला, तेही वरून ओरडून, "आधी गॅस, दादा. मग पाणी!"