एकाचा तुरा

तिनं बाटली मॅनेजरच्या टेबलावर आपटली. कप हलला, बशीत चहा सांडला. सांडू दे!

"हा फॉन्ट माझा आहे," ती म्हणाली. "लग्नपत्रिकांसाठी, कवितांच्या पुस्तकांसाठी काढलेला. तो औषधाच्या लेबलावर लावायची अक्कल कुणाची?"

परवा सकाळी तिच्या आईनं याच बाटलीतले सात थेंब घेतले होते. लेबलावर एक लिहिला होता. आई अजून हॉस्पिटलमध्ये होती, नाडी ठिकाणावर नव्हती, आणि शुद्धीवर आल्यापासून तिचा एकच धोशा. "कुणाला बोलू नकोस गं. माझ्याच डोळ्यांची चूक." गेल्या वर्षी केलेला जाड चष्मा उशाशी पडलेला. तो बघूनच लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि ती तडक या कंपनीत आली होती.

तीन वर्षं खपून तिनं तो इटॅलिक फॉन्ट घडवला होता. जरा पुढं कललेली अक्षरं, केसाएवढ्या बारीक रेघा, टोकांना नाजूक वळणं. इंग्रजी एकच्या (1) आकड्याला तर तिनं डोक्यावर लांब तुरा दिला होता. त्या तुऱ्यावर तिचा भारी जीव. बक्षीस देणाऱ्यांनीही त्याचंच कौतुक केलं होतं. आणि या लोकांनी तो मुंगीएवढा करून थेंब मोजायला जुंपला!

"आधी तुमची लेबलं कशी ठसठशीत असायची," तिचा आवाज चढला. शेजारच्या टेबलांवरची माणसं माना वर करून बघायला लागली. "ती बदलायची दुर्बुद्धी तुम्हाला सुचलीच कशी? माझी आई मरता मरता वाचलीय!"

मॅनेजर चिडला नाही. त्यानं खण उघडून एक गुळगुळीत पुस्तिका काढली. फॉन्ट विकण्यासाठी तिनंच छापून घेतलेली, नमुन्यांची.

"मॅडम, शेवटचं पान बघा. आम्ही हे बघूनच तर घेतला."

शेवटच्या पानावर फॉन्टचे उपयोग होते. लग्नपत्रिका. मुखपृष्ठ. अत्तराची कुपी. आणि खालचा कोपरा रिकामा रिकामा दिसत होता, म्हणून तिथं तिनं औषधाची एक बाटली काढली होती. छान दिसत होती. लेबलावर, तुऱ्यासकट: रोज 1 थेंब.

आता राग काढायचा तरी कुणावर?

हे पान छापायला जाण्याआधी तिनं ते आईला दाखवलं होतं. आईनं कागद लांब धरला, जवळ आणला, मग त्या बाटलीवर बोट ठेवलं.

"हे सात आहे का गं?"

आणि ती हसली होती. "अगं आई, आकडा बरोबर आहे. तू तेवढा चष्मा बदल."